वारंवार विचारले जाणारे प्रश्न: जुना मीडियम फॉरमॅट प्रेस कॅमेरा, तपासणी आणि जुळवणी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, कारवार या पट्ट्यातून मला येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. बहुतेकांची सुरुवात सारखीच: माळ्यावर, नाहीतर बंद पडलेल्या एखाद्या स्टुडिओत वजनदार कॅमेरा सापडलाय, आता पुढं काय? मी स्वतः मामिया प्रेस सुपर २३ वापरते, त्यामुळे उत्तरं त्याच्या बाजूला जरा झुकलीत. ग्राफ्लेक्सवाल्यांना वेगळं लागेल तिथं तसं लिहिलंय.

१. प्रेस कॅमेरा म्हणजे नक्की कुठला? माझ्याकडचा तोच आहे हे कसं ओळखायचं?

पेपरातल्या फोटोग्राफरांसाठी बनवलेला, मोठ्या निगेटिव्हचा पण हातात धरून वापरता येणारा कॅमेरा. ४ × ५ इंचांच्या सुट्या फिल्मवर चालणारे ग्राफ्लेक्स कंपनीचे मोठे ‘ग्राफिक’ कॅमेरे लार्ज फॉरमॅटमध्ये जातात, ते इथे नाहीत. इथे आहेत १२० नंबरच्या रोलवर चालणारी त्यांची भावंडं: मामिया प्रेस (१९६० पासून), त्याच घरातले सुपर २३ (१९६७) आणि युनिव्हर्सल (१९६९), ग्राफ्लेक्सचा सेंच्युरी ग्राफिक (१९४९ ते १९७०), आणि कोनी-ओमेगा. लेन्स निघते, रोलची बॅक (रोल बसवायचा डबा) मागून अख्खी सुटी होते, शटर लेन्सच्या आतच असतं आणि वर किंवा बाजूला रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस जुळवायची सोय) असतो. एवढं जुळलं की तुमचा कॅमेरा याच बिरादरीतला.

२. रोल कुठला घालायचा, आणि एका रोलमध्ये फोटो किती?

१२० चा. बॅक ६ × ९ ची असेल तर ८ फोटो, ६ × ७ ची असेल तर १०. ६ × ९ ची निगेटिव्ह प्रत्यक्षात साधारण साडेपाच बाय सव्वाआठ सेंटिमीटर भरते, म्हणजे ३५ मिमीच्या चौकटीच्या पाचपटीहून मोठी. २२० चा जुना रोल कुणी फुकट दिला तरी १२० च्या बॅकमध्ये घालू नका. त्यात फिल्मच्या मागे कागद नसतो, लांबीही दुप्पट असते, मोजणीचा पार घोळ होतो. तपासणीसाठी ब्लॅक अँड व्हाइट घ्या, इल्फर्डचा एफपी४ किंवा एचपी५. मुदत संपलेला रंगीत रोल स्वस्तात मिळाला तर तो मजेसाठी ठेवा. फोटो बिघडला तर दोष कॅमेऱ्याचा की रोलचा, हेच कळेनासं होतं.

३. विकत घ्यायला गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय बघू?

मोबाइलची टॉर्च आणि एक पांढरा कागद घेऊन जा. लेन्स काढा, ॲपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडा, शटर ‘बी’वर (कळ दाबलेली असेल तोवर उघडं राहतं) धरून आरपार टॉर्च मारा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी फांद्या फुटलेली दिसते, धूळ ठिपक्यांसारखी, आणि आतून धुरकट पापुद्रा असेल तर काच दुधाळ. धूळ सोडून द्या. बारीक बुरशी कडेला असेल तर भाव पाडून घ्या. धुरकटपणा असेल तर उजेडाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो फिका येणार, हे धरून चाला.

मग ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक आहे का बघा. फोकसचं कडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दाणे लागल्यासारखं अडकत असेल तर आतलं ग्रीस वाळलंय. डार्क स्लाइड (बॅकमधल्या फिल्मवर उजेड पडू न देणारा सरकता पत्रा) जागेवर आहे का, हे लोक हमखास विसरतात. ती नसेल तर बॅक निम्मी निकामी. आणि लेन्स कॅमेऱ्याच्या शरीरावर लावून हलवून बघा, खडखडली तर मुकाट्याने परत द्या.

लेदर केसचं कौतुक करू नका. आपल्याकडे ती बुरशीची खाणावळ असते (प्र. १५).

४. शटर दाबलं की काहीच होत नाही. बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. या कॅमेऱ्यांत रोल पुढं सरकवल्यानं शटर आपोआप चढत नाही (कोनी-ओमेगा अपवाद). लेन्सवरचा छोटा दांडा हातानं ओढून कॉक करावा लागतो. आधी वेग लावायचा, मग कॉक करायचं. उलट केलं तर काही जुन्या शटरांत सगळ्यात वरच्या वेगाला जोर पडतो.

कॉक करूनही मुठीवरचा ट्रिगर दाबल्यावर काही होत नसेल तर लेन्सवरची कळ थेट बोटानं दाबून बघा. तिथं शटर चाललं तर दोष आतल्या केबलचा आहे, तिची टोकाची पिन पुरेशी बाहेर येत नाही. केबल बदलली की झालं.

शटरवर ‘व्ही’ असं अक्षर दिसलं तर तो सेल्फ-टायमर. त्याला हात लावू नका. साठ वर्षं झोपलेला टायमर अर्ध्यात अडकला की अख्खं शटर सोबत घेऊन बसतो.

५. शटरचे वेग बरोबर आहेत का हे घरी कसं मोजू? मशीन तर नाही.

एक सेकंद ते १/१५ पर्यंत कान आणि मोबाइल पुरेत. आवाज रेकॉर्ड करा, कुठल्याही साउंड एडिटिंग ॲपमध्ये उघडा, उघडताना आणि मिटताना उठलेल्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. त्यापुढं मोबाइलचा स्लो मोशन घ्या. सेकंदाला २४० चौकटी असतील तर १/३० ला आठ चौकटींत उजेड दिसायला हवा, १/६० ला चार. त्यापेक्षा वेगवान असेल तर हा हिशेब विसरा, एका चौकटीच्या चुकीनं सगळं उलटंपालटं होतं. १/५०० साठी फोटोडायोडचा छोटा टेस्टर लागतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा पोरगा घरात असेल तर एका संध्याकाळी बनवून देईल.

आकडे हाती आल्यावर दुरुस्तीकडे धावू नका. माझं १/५०० प्रत्यक्षात १/३०० च्या आसपास चालतं, म्हणजे पाऊण स्टॉप जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). निगेटिव्हला ते चालतं. एक चिठ्ठी लिहून लेन्सच्या टोपणाच्या आतल्या बाजूला चिकटवलीय, संपला विषय. काळजीची गोष्ट वेगळी आहे: एकाच वेगाला पाच वेळा मोजून पाच आकडे आले तर. सारखी चूक असेल तर चिठ्ठीवर भागतं. रोज बदलणाऱ्या चुकीला साफसफाईच लागते.

पहिले दोन-चार क्लिक मंद आणि मग बरोबर, हे वाळलेल्या ग्रीसचं लक्षण. डिसेंबरच्या पहाटे जास्त जाणवतं. तेल टाकू नका. तेल पात्यांवर चढतं आणि पाती एकमेकींना चिकटतात.

६. रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा नीट जुळतात, तरी फोटो आउट ऑफ फोकस. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

रेंजफाइंडर फक्त सांगतो की *त्याच्या मते* वस्तू अमुक अंतरावर आहे. फिल्मवर काय पडतंय हे तो बघत नसतो. ते बघते ग्राउंड ग्लास, म्हणजे फिल्मच्या जागी बसवलेली घासलेली काच. लेन्सवर कोरलेलं अंतर, रेंजफाइंडर आणि ग्राउंड ग्लास या तिघांत भांडण असेल तर काचेचं खरं धरायचं, बाकी दोघांना तिच्याशी जुळवायचं. उलट कधीच करू नका.

पद्धत अशी. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर), रोलची बॅक काढून ग्राउंड ग्लासची बॅक, घासलेली बाजू लेन्सकडे. लेन्स पूर्ण उघडी, शटर ‘बी’वर केबलनं अडकवून. आता लांबचं काहीतरी ठरवा. किती लांब? १०० मिमीच्या लेन्सला एक किलोमीटरवरची वस्तू आणि अनंत यांत लेन्स सरकते मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे काहीच नाही. शंभर मीटरवरची वस्तू धरली तर फरक दहापट होतो आणि तुम्ही अनंताच्या नावाखाली दुसरंच काही जुळवून बसता. मी वडगावच्या एका गच्चीवरून राजहंसगडाकडे तोंड करते. निपाणी-चिकोडीकडच्यांनी लांबचा मोबाइल टॉवर पकडावा, त्याच्या सळ्या आडव्या-उभ्या दोन्ही असतात.

काचेवर भिंग टेकवा (भिंगाचा फोकस आधी काचेच्या दाण्यावर बसवा) आणि सळ्या कापल्यासारख्या दिसेपर्यंत कडं फिरवा. हात काढा. मग कड्यावरची खूण बघा आणि रेंजफाइंडरमधून बघा. तीन वेळा करा, दर वेळी कडं पूर्ण मागं नेऊन. तिन्ही वेळचे निकाल वहीत. मग हेच दोन मीटरवर, स्टीलच्या टेपनं फिल्मच्या पातळीपासून मोजून, आणि पाच मीटरवर.

दोन मीटरला एफ/३.५ वर (म्हणजे लेन्स पूर्ण उघडी; आकडा वाढला की छिद्र लहान) पुढं-मागं मिळून जेमतेम १४ सेंटिमीटर स्वच्छ येतात. लग्नातल्या नवरीचं नाक आणि कान एवढ्यात आटोपतात. त्यामुळे रेंजफाइंडर थोडा जरी खोटं बोलत असला तरी तिथं उघडा पडतो. एफ/११ वर कुणालाच कळत नाही, आणि म्हणूनच “आमच्या बाबांच्या वेळी तर नीट यायचे” असं ऐकू येतं. बाबा एफ/११ वर काढायचे.

७. ग्राउंड ग्लासची बॅकच नाही. मग?

रोलची बॅक उघडून फिल्मचे रूळ मागून मोकळे दिसत असतील तर काचवाल्याकडून मापाची पातळ काच कापून घ्या, एका बाजूला मॅट सेलोटेप सुरकुती न पडता लावा, आणि टेपची बाजू लेन्सकडे करून रुळांवर टेकवा. ही काच नेमकी फिल्मच्याच जागी बसते. एका अर्थी ही कंपनीच्या ग्राउंड ग्लासपेक्षा खात्रीची. कारण प्र. १० मध्ये.

रूळ मोकळे नसतील तर रोल खर्ची घालावा लागेल. बाकावर काडेपेट्या पाच-पाच सेंटिमीटरवर तिरक्या रांगेत मांडा, मधली उभी. दोन मीटरवरून मधलीवर रेंजफाइंडर जुळवा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो. निगेटिव्हवर मधली आणि तिच्या शेजारच्या दोन स्वच्छ आल्या तर सलाम करा आणि थांबा. स्वच्छ पेट्या मधलीपासून दोन घरं सरकल्या असतील तर जुळवणी हवी.

८. रेंजफाइंडर जुळवायचे स्क्रू मीच फिरवू का?

मोजमाप वहीत असेल तर फिरवा. नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर परत डब्यात ठेवा.

स्क्रू कुठं आहेत हे मॉडेलप्रमाणे बदलतं, पण कामं तीनच असतात: लांबची जुळणी, जवळची जुळणी, आणि प्रतिमा वर-खाली सरकली असेल तर उभी जुळणी. उभी आधी उरका. ती फोकसला धक्का लावत नाही, पण ती चुकलेली असेल तर बाकीचं डोळ्याला नीट कळत नाही. मग काचेवर लेन्स अनंताला बसवा आणि तिला हात न लावता रेंजफाइंडरच्या प्रतिमा जुळवा. मग दोन मीटर. जवळचं हलवलं की लांबचं थोडं हलतं, पुन्हा लांब, पुन्हा जवळ. सेंच्युरी ग्राफिकच्या बाजूला असतो त्या कलार्ट रेंजफाइंडरला असे चार-पाच फेरे लागतात. त्या कॅमेऱ्यात आधी एक गोष्ट बघा: लेन्सची चौकट रुळावरच्या अनंताच्या अडसरांना टेकतेय ना? अडसर कुणीतरी दुसऱ्या लेन्ससाठी सरकवलेले असतात आणि आपण बिचाऱ्या रेंजफाइंडरला पिळत बसतो.

एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक पाव फेरा वहीत. सोनाराकडचा स्क्रू-ड्रायव्हर वापरा, हार्डवेअरच्या दुकानातला खाच खाऊन टाकतो.

आतल्या अर्ध-पारदर्शक आरशाला कापूस लावू नका. त्याचा मुलामा धुळीबरोबर निघून येतो. दुसरी प्रतिमा फिकी वाटत असेल तर समोरच्या मोठ्या खिडकीच्या मध्यावर काळ्या टेपचा छोटा ठिपका लावा. मधला भाग गडद होतो आणि फिकी प्रतिमा उठून दिसते.

९. ताई, एका लेन्सला सगळं बरोबर येतंय, दुसरीला नाही. कॅमेऱ्यात दोष की लेन्समध्ये?

लेन्समध्ये. मामियाच्या रेंजफाइंडरशी जोडलेल्या लेन्सना प्रत्येकीला स्वतःचं फोकसचं कडं आणि रेंजफाइंडरला ढकलणारा कॅम असतो. सगळ्या लेन्स एकाच बाजूला चुकत असतील तर शरीर, एकच चुकत असेल तर ती लेन्स. चुकणाऱ्या एका लेन्ससाठी शरीराचे स्क्रू फिरवले की बरोबर असलेल्या बिघडतात, मग कुठलीच धड राहत नाही.

रुंद लेन्सचं, ५० किंवा ६५ मिमीचं, आणखी एक. चौकट कॅमेऱ्याच्या खिडकीत दिसत नाही, वर वेगळा फाइंडर लावावा लागतो. “फोटोत भलतंच आलं” ही तक्रार बरेचदा त्यातून येते.

१०. ग्राउंड ग्लासवर एकदम कडक फोकस, रेंजफाइंडरही जुळलेला, तरी निगेटिव्ह मऊ. आता काय?

मग काच आणि फिल्म एका पातळीवर नाहीत. वर काचेचं खरं धरा म्हटलं, पण साक्षीदार योग्य जागी उभा असेल तरच त्याच्या साक्षीला अर्थ.

कारणं साधारण अशी. काच कधीतरी फुटली आणि बदलताना उलटी बसवली, म्हणजे घासलेली बाजू आपल्याकडे. किंवा खालच्या पातळ पट्ट्या हरवल्या. किंवा बॅक दुसऱ्याच मॉडेलची, ओढूनताणून बसवलेली. एफ/३.५ ला फिल्मच्या पातळीत साधारण १७ शतांश मिलिमीटरपर्यंत सूट मिळते, त्यापलीकडे मऊपणा दिसतो. एफ/११ ला ही सूट अर्ध्या मिलिमीटरच्या पुढं जाते.

हे मोजायला बेळगावसारखी जागा नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप ओळीनं आहेत, तिथं डेप्थ मायक्रोमीटर कुणाकडेही मिळतो. बॅक टेकते त्या पृष्ठभागापासून काचेच्या घासलेल्या बाजूपर्यंत, आणि त्याच पृष्ठभागापासून फिल्मच्या रुळांपर्यंत, चारही कोपऱ्यांत मोजायचं. मी गेले तेव्हा तिथल्या काकांनी दोन्ही बॅक मोजल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “सतरा शतांशाला रडतेस होय? आमच्याकडं दोनला माल परत येतो.” त्यांनीच २० शतांशाची पितळी शिम (काचेखाली घालायची पातळ पट्टी) कापून दिली. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

दुसरं कारण फिल्मच फुगते. ६ × ९ ची चौकट मोठी, रोलला मुळात बाक असतो. बॅकमध्ये फिल्म वळून रात्रभर तशीच राहिली की सकाळी पुढच्या फोटोला मध्यावर फुगवटा येतो. म्हणून फोटो काढल्यावर लगेच पुढं सरकवून ठेवू नका, पुढचा फोटो घ्यायच्या क्षणी सरकवा. हे प्र. १३ मधल्या सल्ल्याच्या विरुद्ध जातंय हे मला कळतं. तिथं तोड दिलीय.

११. भात्यातून उजेड येतोय का हे कसं बघू?

भाता म्हणजे बेलोज. लोहाराचा तोच, फक्त कोपरे जास्त. रात्री दिवे घालवा, लेन्सवर टोपण, मागून बारीक एलईडी टॉर्च आत सोडा, भाता पूर्ण ताणा आणि कोपरे एकेक करून बघा. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं द्या. छिद्र एखाद्या चांदणीसारखं चमकतं. एक-दोन असतील तर काळा लवचीक फॅब्रिक पेंट आतून-बाहेरून. कोपऱ्यांची चाळण झाली असेल तर नवा भाता.

युनिव्हर्सलला भाता नाही, तिथं संशय बॅकच्या कडांवरच्या आणि डार्क स्लाइडच्या फटीतल्या पॅडिंगवर घ्या. पॅडिंग बोटाला काळं डिंकासारखं लागलं तर मेलंय. उजेडाचा पट्टा नेहमी एकाच बाजूनं येत असेल तर स्लाइडची फट, दर वेळी जागा बदलत असेल तर भाता.

१२. पहिला रोल कसा वापरू, म्हणजे आठ फोटोंत सगळं कळेल?

एक अडचण आधी सांगते. एफपी४ चा वेग (शटरचा नव्हे, फिल्मचा, म्हणजे आयएसओ) १२५. भर उन्हात एफ/१६ ला १/१२५ लागतं, म्हणजे एफ/३.५ ला १/२००० च्याही वर. शटर तर ५०० ला थांबतं. म्हणून लेन्स पूर्ण उघडून करायच्या चाचण्या ढगाळ दिवशी, सावलीत किंवा संध्याकाळी, बाकीच्या उन्हात. रोल दोन बैठकांत संपवा.

सावलीतले चार: लांबचा टॉवर, पाच मीटर, दोन मीटरच्या काडेपेट्या, आणि समोर सरळ उभी विटांची भिंत. सगळे लेन्स पूर्ण उघडून. भिंतीत एक बाजू स्वच्छ आणि दुसरी मऊ आली तर लेन्स किंवा बॅक तिरकी बसतेय. उन्हातले तीन एकाच विषयाचे, एकाच प्रमाणात उजेड पडेल असे: एफ/८ ला १/५००, एफ/१६ ला १/१२५, एफ/३२ ला १/३०. तिन्ही निगेटिव्ह सारख्या गडद आल्या पाहिजेत. पहिली जास्त गडद असेल तर वरचा वेग मंद. आठव्या चौकटीवर फोटोच काढायचा नाही. डार्क स्लाइड काढा, शटर मिटलेलं, आणि कॅमेरा दोन मिनिटं उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवा. ही चौकट कोरी आली पाहिजे.

प्रत्येक फोटोचं वहीत लिहा. मी पहिल्यांदा लिहिलं नव्हतं, लक्षात राहील म्हटलं. राहिलं नाही.

१३. काही फोटो कोरे, काही एकावर एक. हे कॅमेऱ्याचं काम की माझं?

तुमचं. माझंही.

सुपर २३ किंवा सेंच्युरी ग्राफिकमध्ये तुम्हाला अडवणारं काहीच नाही. डार्क स्लाइड आत असतानाही शटर चालतं, फिल्म सरकवली नसली तरी पुन्हा चालतं. नियम हवा तो आपल्या हाताला. माझा असा: फोटो झाला की डार्क स्लाइड आत. स्लाइड आत असेल तर सरकवणं बाकी आहे. सरकवायचं, लगेच स्लाइड बाहेर, लगेच फोटो. म्हणजे फिल्म फुगायलाही (प्र. १०) वेळ मिळत नाही. स्लाइड आपल्या शर्टाच्या खिशात, नेहमी त्याच. दुसऱ्या खिशात गेली की सवय मोडते.

पहिलीच चौकट अर्धी कापली गेली असेल तर रोल घालताना कागदावरचा बाण बॅकमधल्या खुणेशी जुळवला नव्हता.

१४. सुपर २३ ची मागची बॅक तिरकी होते, तिचं काय करायचं?

उंच वस्तूची रेघ सरळ ठेवायला किंवा तिरप्या जमिनीवर पुढं-मागं फोकस पसरवायला. पण त्यासाठी बॅक मागं ओढावी लागते, आणि ओढली की लांबचा फोकस जातो. म्हणून १०० मिमी एफ/३.५ ही लेन्स नळीसारखी आत ढकलता येते: पुढून आत, मागून बाहेर, हिशेब सारखा. ज्या लेन्सना ही सोय नाही, त्यांच्याबरोबर बॅक ओढली तर फक्त जवळचे फोटो. आणि बॅक हलवली की रेंजफाइंडरचा संबंध संपला, ग्राउंड ग्लासवरच बघायचं.

याच लेन्सनं मला गोकाकच्या धबधब्यावर फसवलंय. ऑगस्टमधला पाणी भरून कोसळणारा घटप्रभेचा पडदा, झुलत्या पुलाच्या अलीकडे तिकाटणं, एक अख्खा रोल. घरी धुतल्यावर आठही चौकटींत फक्त राखाडी लोकर. लेन्स पिशवीतून काढल्यावर बाहेर ओढून लॉक केलीच नव्हती. रेंजफाइंडर मात्र शेवटपर्यंत “जुळलं, जुळलं” म्हणत होता. आता मी लेन्सच्या नळीवर लाल रंगाची रेघ मारलीय. रेघ दिसली नाही की काढायचा नाही.

जवळच्या फोटोंचा एक हिशेब जाता जाता: १०० मिमीची लेन्स अर्ध्या मीटरवर फोकस केली की फिल्मपासून १२५ मिमीवर जाते, उजेड दीडपटीहून थोडा जास्त लागतो. दोन-तृतीयांश स्टॉप वाढवा.

१५. पावसाळ्यात कुठं ठेवू? आमच्याकडं खानापूर-जांबोटीला चार महिने भिंतींना बुरशी येते.

लेदर केसमधून काढून. पत्र्याच्या ट्रंकेत नको, कपड्यांच्या कपाटात तर नकोच. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तापवून वाळवायचं, पण निळं जेल स्वयंपाकाच्या तव्यावर नको, त्यात कोबाल्ट असतं. वेगळा पत्रा ठेवा.

आठवड्यातून एकदा बाहेर काढून प्रत्येक वेगाला चार-चार क्लिक करा. अथणी-चिकोडीकडं उलट, तिथं उन्हाळ्यात धुळीचा त्रास. भात्याच्या घड्यांत बसलेली धूळ मऊ ब्रशनं काढल्याशिवाय भाता मिटू नका.

१६. फ्लॅश लावला तर फोटो काळा येतो.

लेन्सवरची कळ ‘एम’वर असेल. ती जुन्या बल्बसाठी, बल्ब पेटायला वेळ लागतो म्हणून शटर उघडण्याआधी ठिणगी जाते. आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला ‘एक्स’ लावा. शटर लेन्समध्ये असल्यामुळे १/५०० लासुद्धा फ्लॅश चालतो.

१७. चष्मा लावून बघू की काढून?

ज्यानं लांबचं स्पष्ट दिसतं तो लावून. चष्मा बदलल्यामुळे दोन प्रतिमांची जुळणी बदलत नाही, फक्त ती धूसर दिसते. ग्राउंड ग्लासवर भिंगाचा फोकस प्रत्येकानं आपल्या डोळ्याला वेगळा बसवायचा. नवऱ्यानं बसवलेलं भिंग बायकोला चालत नाही, यात भांडणाचं काही नाही.

१८. गावात दुरुस्तीवाला मिळत नाही. घड्याळवाल्याकडं देऊ का?

केबल, सैल स्क्रू, वाकलेली पट्टी यासाठी खुशाल. शटर उघडायचं असेल तर फक्त अशाला द्या, ज्यानं तुमच्यासमोर आधी एखादं लीफ शटर (लेन्सच्या आतलं पात्यांचं) उघडून परत चालू केलंय. “बघू की, काय असतंय त्यात” म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. माझं एक शटर असंच पुडीत बांधून परत आलं होतं. हरवलेली डार्क स्लाइड किंवा लेन्सबोर्ड मात्र उद्यमबागेत नमुना दाखवून बनवून मिळतात.

१९. एवढा मोठा कॅमेरा घेऊन कुठं फिरायचं? लोक अडवतात.

अडवतात कमी, विचारतात जास्त. “कुठल्या पेपरात येणार?” हा प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडून येतो. मी “घरच्या भिंतीवर” म्हणते. गर्दीत, विशेषतः १ नोव्हेंबरसारख्या दिवशी (कन्नड राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन एकाच दिवशी), चाचणीचा रोल काढायला जाऊ नका. तुम्ही पत्रकार नाही हे दोन्ही बाजूंना पटवण्यात दिवस जातो.

बेळगावात कॅम्प आणि किल्ल्याचा परिसर लष्कराचा आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच. तिकाटणं उभं करण्याआधी विचारा, नाही म्हटलं तर वाद घालू नका. किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या जागी सूचनाफलक वाचून मगच. हलशीची कदंबकालीन देवळं चाचणीला उत्तम: दगड हलत नाही आणि सकाळी कुणी घाई करत नाही. सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर रोल एक्स-रेत न टाकता हातानं तपासायची विनंती करा.

२०. कॅमेऱ्यात जुना रोल निघाला, आजोबांच्या वेळचा. काय करू?

आधी बॅक उघडू नका. उघडली असेल तर मिटवा, वरचे एक-दोन फोटो गेले, आतले वाचले असतील. डार्क स्लाइड आत आहे ना बघा, रोल शेवटपर्यंत गुंडाळा आणि अंधारात काढून ओला नसलेला कागद आणि फॉइलमध्ये बांधा. त्यावर सी-२२ लिहिलं असेल तर ती १९७२ मध्ये आलेल्या सी-४१ च्या आधीची रंगीत पद्धत. आता रंग मिळणार नाहीत, पण ब्लॅक अँड व्हाइटच्या रसायनात काहीतरी उतरू शकतं. स्वतः पहिल्यांदा धुवायला शिकत असाल तर हा रोल शिकण्यासाठी वापरू नका.

नंदगडजवळच्या एका घरातून असाच एक रोल माझ्याकडं आला. आठपैकी सहा चौकटींवर धुकं. सातवीत शिंगं रंगवलेली बैलजोडी, बेंदराची असणार, आणि दोघांच्या मध्ये कासरा धरलेला एक हात, मनगटापर्यंतच. फोकस बैलांच्या शिंगांवर अगदी बरोबर होता. ज्यांचा कॅमेरा होता त्यांनी निगेटिव्ह खिडकीशी धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, हात आजोबांचा नाही, त्यांनी तर फोटो काढलाय. मग घरातल्या म्हाताऱ्या आत्याला बोलावलं. तिनं चष्मा वर केला, अंगठ्याकडं बोट दाखवलं आणि एका दमात नाव सांगितलं.